बडोद्यात घरच्या सौर यंत्रणेला सरकारी मदत मिळते, पण बॅटरीला मिळते का?

बडोदेकर_सून

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही कारेलीबागेत एका जुन्या टेनामेंटमध्ये राहतो. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर पाण्याच्या टाकीखेरीज मोकळी असलेली अगाशी एवढे घर आहे. उन्हाळ्यात दोन महिन्यांचे लाइट बिल 900 युनिटांपर्यंत, म्हणजे सात हजार रुपयांच्या घरात जाते. थंडीत ते 400 युनिटांच्या आसपास उतरते, आणि गेल्या वर्षभराची सहा बिले जोडली तर एकूण वापर सुमारे 3,900 युनिट होतो. छतावर सौर पॅनेल बसवावे असे आमच्या घरात दोन वर्षे चालले आहे. आता केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून सबसिडी मिळत असताना आणखी थांबू नये, असे यजमानांचे मत आहे.

दोन विक्रेत्यांकडून दरपत्रके घेतली. पहिल्याने 3 किलोवॅटच्या साध्या यंत्रणेचे 1,68,000 रुपये सांगितले. दुसऱ्याने 5 किलोवॅटची यंत्रणा, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि 10 युनिटांची लिथियम बॅटरी असे मिळून 4,60,000 रुपयांचे पत्रक दिले. शिवाय मोबाइलवर वर्तमानपत्राचे एक कात्रण दाखवून, सरकार आता बॅटरीलाही 40 टक्के मदत देणार आहे, त्यामुळे एवढा आकडा पाहून घाबरू नका, असे तो म्हणाला. मी योजनेच्या संकेतस्थळावर शोधले, परंतु घरगुती बॅटरीच्या अशा मदतीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

बॅटरीचा विषय आमच्याकडे हौसेचा नाही, हे आधीच सांगते. सासूबाईंचे वय 81 असून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, लावावा लागतो. बडोद्यात वीज फारशी जात नाही हे खरे आहे, पण पावसाळ्यात एखाद्या रात्री ती तीन-चार तास गेली की घरातले कोणीही झोपत नाही. त्यामुळे बॅटरी घ्यायचीच असेल तर ती सबसिडीच्या खात्यात बसवून घेता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. 5 किलोवॅट घेतल्यास मदत वाढते का, हा दुसरा. तिसरी अडचण अशी की लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. अर्ज यजमानांच्या नावाने चालेल का?

वीजखाते_निवृत्त

नमस्कार ताई. मी बत्तीस वर्षे वीज वितरणाच्या कामात काढली आणि आता शेजारीपाजारी विचारतील त्यांची दरपत्रके वाचून देतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

बॅटरीला या योजनेतून मदत मिळत नाही. सूर्यघर योजनेतले अर्थसाहाय्य छतावरील सौर क्षमतेला आहे आणि त्याचा हिशेब सरळ आहे: पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये, त्यावरच्या तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये, आणि तिथे मर्यादा संपते. म्हणजे 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, आणि 3 किलोवॅट घ्या, 5 घ्या किंवा 10 घ्या, 78 हजार. यंत्रणेत बॅटरी असली म्हणून सबसिडी नाकारली जात नाही, फक्त यंत्रणा वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेली असली पाहिजे. पण बॅटरीसाठी वेगळा एक रुपयाही मिळत नाही.

त्या कात्रणाबद्दल माझा अंदाज सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये बॅटरी साठवणुकीसाठी एक योजना मंजूर केली होती आणि तिच्यात भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद होती. ती मात्र 4,000 मेगावॉट-तास एवढ्या साठवणुकीच्या मोठमोठ्या प्रकल्पांसाठी होती. उपकेंद्राशेजारी कंटेनरांच्या रांगा उभ्या करून तिन्हीसांजेच्या मागणीच्या वेळी जाळ्यात वीज सोडायची, असे ते काम आहे. जिन्याखाली ठेवायच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही. विक्रेत्याने हे जाणूनबुजून केले की त्याचाच गैरसमज आहे, ते मी सांगू शकत नाही. पण जो मनुष्य अशी गल्लत करतो त्याच्या पत्रकातले बाकीचे आकडेही दोनदा वाचावेत.

आता 3 की 5, याचा हिशेब. आपल्याकडे 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,350 ते 1,400 युनिट धरणे योग्य ठरते. 3 किलोवॅटचे सुमारे 4,100 युनिट झाले, म्हणजे तुमच्या वार्षिक वापराच्या जवळ जवळ बरोबरीचे. 5 किलोवॅट घेतल्यास 6,800 युनिट होतील आणि त्यातले जवळपास 2,900 तुमच्या गरजेपलीकडचे असतील. जाळ्यात गेलेले युनिट त्या बिलाच्या मुदतीत तुमच्या वापरातून एकास एक वजा होतात. मात्र मुदतीअखेर जे शिल्लक उरते ते कंपनी सव्वादोन रुपयांच्या आसपासच्या दराने घेते. याउलट तुम्ही जे युनिट विकत घेण्याचे टाळता त्याची किंमत इंधन अधिभार आणि शहरी घरगुती ग्राहकांचा 15 टक्के वीज शुल्क धरून साडेसात-आठ रुपयांपर्यंत जाते. म्हणून पहिले 3 किलोवॅट तुमचे आठ रुपये वाचवतात आणि वरचे दोन सव्वादोन रुपये मिळवतात. शिवाय त्या वरच्या दोघांना सबसिडी नाही. पुढे घरात विजेवर चालणारी गाडी येणार असेल किंवा वरच्या मजल्यावर आणखी एक एसी लागणार असेल तर 4 किलोवॅटचा विचार करा. एरवी 3 पुरेसे आहेत.

या आकड्यांनी 3 किलोवॅटला वर्षाकाठी 25 ते 28 हजार रुपये वाचायला हरकत नाही. उन्हाळ्यात तुमचा वापर उत्पादनापेक्षा जास्त आणि थंडीत कमी असल्याने काही युनिट स्वस्तात जातील, हे त्यात धरले आहे. 1,68,000 मधून 78,000 वजा केले तर 90,000 उरतात आणि ते साधारण साडेतीन वर्षांत वसूल होतात. मात्र बिल शून्य येईल असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण स्थिर आकार राहतोच. योजनेच्या नावातल्या 'मुफ्त बिजली'चा आणि जाहिरातीतल्या 300 युनिटांचा अर्थसुद्धा एवढाच आहे की 3 किलोवॅटची पॅनेले महिन्याला साधारण तेवढे युनिट तयार करतात. सरकार वेगळे 300 युनिट कुणाच्या बिलात टाकत नाही.

बॅटरीने बिल कमी होते का, हेही इथेच पाहून घेऊ. नेट मीटर (घेतलेली आणि जाळ्यात दिलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर) असताना दुपारची जास्तीची वीज तुम्ही जाळ्यात ठेवता आणि रात्री तीच परत घेता. त्या देवघेवीत एकही युनिट गळत नाही. तेच युनिट बॅटरीत घालून बाहेर काढताना मात्र सुमारे दहा टक्के वाटेत उष्णता होऊन जाते, आणि बॅटरी झिजते ती वेगळीच. म्हणून बडोद्यातल्या घराला बॅटरीची गरज असते ती फक्त लाइट गेल्यावर. तुमच्याकडे ती गरज आहे. पण ती 4,60,000 रुपयांच्या पत्रकाची गरज नाही. कॉन्सन्ट्रेटरच्या मागे लावलेल्या पट्टीवर किती वॉट लिहिले आहेत, ते कळवा; मग पुढचे बोलू.

रावपुरा_वाडा

ताई, वरच्या साहेबांनी हिशेब चोख सांगितला आहे. मी नावाच्या भानगडीबद्दल लिहितो, कारण आमचे चार महिने त्यातच गेले.

अर्ज ज्याच्या नावाने वीजजोड आहे त्याच्याच नावाने होतो. संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचे नाव आपोआप येते आणि शेवटी सबसिडी ज्या बँक खात्यात जमा व्हायची त्या खात्यावरचे नाव त्याच्याशी जुळावे लागते. आमचे बिल वडिलांच्या नावावर होते, तेही इथल्या रिवाजाप्रमाणे नावापुढे 'भाई' लावून. माझ्या आधार कार्डावर मात्र मधले नाव वडिलांचे, त्यात 'भाई' नाही आणि आडनावाचे स्पेलिंगही निराळे. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरांत हा प्रकार सर्रास आढळतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावतीवर दुसरे आणि बिलावर तिसरे.

म्हणून आधी वीजजोड यजमानांच्या नावावर करून घ्या. आम्हाला मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे संमतीपत्र आणि वेऱ्याची ताजी पावती द्यावी लागली. आमची एक आत्या पुण्याला असते. तिची सही आणायला मला स्वतः जावे लागले आणि त्या निमित्ताने तिने वाड्याच्या वाटणीचा जुना विषयही काढला, पण ते असो. वीजजोडाचे नाव बदलताना त्याच नावाचे बँक खाते आणि त्याचा रद्द केलेला धनादेश तयार ठेवा. सबसिडी विक्रेत्याकडे जात नाही, थेट तुमच्या खात्यात येते, आणि तीही यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, तपासणीचा अहवाल संकेतस्थळावर चढल्यानंतर. आमची सव्वा महिन्याने आली. म्हणजे पूर्ण 1,68,000 रुपये आधी तुमच्या खिशातून किंवा कर्जातून जाणार, हे धरून चाला.

कर्जाचे सांगायचे तर 3 किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेला असतो. योजना मंजूर झाली तेव्हा तो 7 टक्क्यांच्या आसपास होता, रेपो उतरल्यावर आता 6 च्या जवळ आला आहे. गृहकर्जापेक्षाही स्वस्त असलेले हे कर्ज घेण्यात कमीपणा मानू नये. आमच्या घरात कर्ज म्हटले की चेहरे पडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरी सावधगिरी पॅनेलांची. सबसिडी हवी असेल तर सेल (पॅनेलातल्या वीज तयार करणाऱ्या चकत्या) आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली असली पाहिजेत. विक्रेते त्यांना 'डीसीआर पॅनेल' म्हणतात. बाहेरून आणलेले सेल जोडून इथे बनवलेली पॅनेले स्वस्त पडतात, आणि आमच्या ओळखीत एका विक्रेत्याने पत्रकात तीच घातली होती. त्या गृहस्थांनी डीसीआरचे प्रमाणपत्र मागितले तेव्हा ते उघडकीस आले. दरपत्रकात 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करायची असते, तेही त्यातच लिहून घ्या.

मांजलपूर_दक्षिण

वरील दोघांचा अनुभव मोठा आहे, तरी बॅटरीबद्दल इतके कठोर होऊ नये असे मला वाटते.

आम्ही शहराच्या कडेला राहतो. गेल्या पावसाळ्यात एका झाडाने तार तोडली तेव्हा आमची वीज रात्रभर गेली होती. छतावर 3 किलोवॅटची यंत्रणा, सकाळी लख्ख ऊन पडलेले, आणि तरीही घरात पंखा फिरत नाही, हे पाहून वडील माझ्यावर फारच चिडले. 'एवढा खर्च करून लाइट गेल्यावर अंधारच का?' या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. साध्या यंत्रणेची ही मर्यादा विक्रेत्याने आम्हाला सांगितलीच नव्हती. म्हणून निदान हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवावा आणि बॅटरी सवडीने घ्यावी, असे मी सुचवीन. बॅटरीचे भाव उतरत आहेत. आज दारे बंद करून घेण्यात शहाणपण नाही.

वीजखाते_निवृत्त

तुमच्या वडिलांचा राग रास्त आहे. ज्याने यंत्रणा बसवली त्याने हे आधी सांगायला हवे होते. जाळ्यातली वीज गेली की साधा सौर इन्व्हर्टर काही क्षणांत स्वतःहून बंद पडतो, आणि तो बंद पडलाच पाहिजे. खांबावर चढलेला लाइनमन तार मृत आहे असे समजून हात घालतो. त्याच वेळी एखाद्या अगाशीवरून वीज उलटी तारेत येत असेल तर त्याचा जीव जाईल. माझ्या नोकरीच्या काळात घरगुती जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडल्यामुळे असा प्रसंग थोडक्यात टळलेला मी पाहिला आहे, त्यामुळे या बाबतीत मी कठोर आहे हे कबूल करतो.

हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवण्याला माझा विरोध नाही. तो साध्यापेक्षा बराच महाग पडतो, आणि पाच वर्षांनी तुम्ही बॅटरी आणाल तेव्हा ती त्याच इन्व्हर्टरशी जुळेलच अशी खात्री नसते, एवढेच ध्यानात ठेवा. ज्यांच्याकडे वीज वारंवार आणि दीर्घकाळ जाते त्यांनी तो घ्यावा. कारेलीबागेत महिन्यातून एखाद्या वेळी दोन-तीन तास लाइट जात असेल तर मी तो पैसा वाचवीन.

कराबाबतही एक गोष्ट सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बॅटरीवर मात्र तो 18 टक्केच आहे. ताईंच्या दोन दरपत्रकांवर तारीख कोणती आहे ते पाहावे. सप्टेंबरपूर्वीची असतील तर नवीन मागवावीत.

बडोदेकर_सून

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पहिले पत्रक ऑगस्टमधले निघाले, ते आज बदलून मागितले.

कॉन्सन्ट्रेटरच्या पट्टीवर 350 वॉट लिहिले आहे. धाकट्या दिरांनी प्लगमध्ये लावायचे एक छोटे मीटर आणून मोजले, तर प्रत्यक्ष वापर 310 ते 320 वॉट निघाला. सासूबाई तो रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच असा आठ तास लावतात. लाइट गेल्यास तो, त्यांच्या खोलीतला पंखा आणि एक दिवा चालू राहावा, एवढीच आमची मागणी आहे. फ्रिज आणि एसी थांबले तरी चालतील.

नावाबद्दल रावपुऱ्याच्या भाऊंनी लिहिले ते वाचून मी बिल काढून पाहिले. सासऱ्यांच्या नावापुढे 'भाई' तर आहेच, शिवाय आडनावातला एक 'आर'ही गळलेला आहे. यजमानांच्या दोन बहिणी सुरतेला आणि नाशिकला असतात. संमतीपत्राला अडचण येणार नाही, फक्त वेळ जाईल.

वीजखाते_निवृत्त

मीटर लावून मोजलेत हे फार चांगले केले. दहांतले नऊ जण पट्टीवरचा आकडा वाचून थांबतात.

कॉन्सन्ट्रेटर, पंखा आणि दिवा मिळून 400 वॉटच्या आत राहतील. पूर्ण आठ तासांना सुमारे 3.2 युनिट लागतील. तीन-चार तासांची सोय करायची असेल तर दीड युनिट पुरते. बाजारातली नेहमीची 150 अँपिअर-अवर, 12 व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिटांची असते. पण तिच्यातून निम्म्यापेक्षा फारसे जास्त काढले तर ती लवकर मरते. त्यामुळे अशा दोन बॅटऱ्यांवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर घेतलात तर चार साडेचार तास निर्धास्त जातील. त्याऐवजी 2.5 ते 3 युनिटांची लिथियम बॅटरी घेतली तर पाणी घालायचा व्याप राहत नाही, जागा कमी लागते आणि साठवलेली बहुतेक वीज वापरता येते. किंमत मात्र जास्त पडेल. दोन्ही बाबतींत इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, कारण कॉन्सन्ट्रेटरच्या कॉम्प्रेसरला चौकोनी लाटेची वीज मानवत नाही.

ही सोय सौर यंत्रणेपासून पूर्णपणे वेगळी ठेवा. सासूबाईंच्या खोलीचे सर्किट बोर्डातून स्वतंत्र काढून फक्त तेच या इन्व्हर्टरवर घ्या. त्याची बॅटरी नेहमीच्या विजेवर भरते, आणि ती वीज दिवसा तुमच्याच पॅनेलांकडून येत असल्यामुळे हिशेब तोच राहतो. सौर इन्व्हर्टरची वायर या बाजूला चुकूनही येता कामा नये. आली तर लाइट गेल्यावर सौर इन्व्हर्टरला घरातला छोटा इन्व्हर्टर म्हणजेच जाळे वाटेल आणि दोन्ही बिघडतील. इलेक्ट्रिशियनला हे समोर बसवून समजावून द्या.

एक गोष्ट मात्र पैशाच्या पलीकडची आहे. बॅटरी कितीही चांगली असली तरी ऑक्सिजनचा एक भरलेला लहान सिलिंडर घरी असू द्या आणि तो कसा लावायचा हे दोघा जणांना येत असू द्या. किती लिटरचा लागेल ते डॉक्टरांनाच विचारा.

अलकापुरी_फ्लॅट

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो आणि गच्ची सर्वांची आहे. आम्हाला या योजनेत काही मिळते का?

वीजखाते_निवृत्त

मिळते. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये, कमाल 500 किलोवॅटपर्यंत, दर घरामागे 3 किलोवॅट या हिशेबाने. तुमच्या इमारतीचे सामाईक बिल काढा आणि आधी तेवढ्याच क्षमतेचा विचार करा. यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

रावपुरा_वाडा

ताई, जागेबद्दल एक सांगायचे राहिले आणि ते तुमच्या भागासाठी फार महत्त्वाचे आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कारेलीबागेत आमच्या मावशीच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. त्यांच्या शेजाऱ्यांनी सौर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दोन्ही पार्किंगच्या भिंतीवर, हाताशी येतील अशा उंचीवर लावले होते. पॅनेले छतावर सुरक्षित राहिली, खालचे सगळे गेले. तुमचे घर त्या पुरात कोरडे राहिले असले तरी इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या चौकात, सावलीत आणि वाऱ्याच्या जागी लावून घ्या. पॅनेलांपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर थोडी कमी लागते हा त्याचा वरचा फायदा. बॅटरीही तिथेच वर ठेवा, पण निजायच्या खोलीत नको. विशेषतः पाण्याच्या बॅटरीतून भरताना वायू निघतो आणि ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे तर ती अजिबात नको.

अगाशीवर स्ट्रक्चर किती उंच घ्यायचे हाही प्रश्न येईल. विक्रेता दीड-दोन फुटांचे सुचवेल, कारण ते स्वस्त असते. आम्ही साडेसात फुटांचे घेतले. खाली खुर्च्या टाकून बसता येते, पापड वाळवता येतात आणि पाण्याच्या टाकीची सावलीही पॅनेलावर येत नाही. एका पॅनेलावर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचे उत्पादन घसरते, म्हणून टाकीची बाजू आधी पाहून घ्या. वादळी वाऱ्याचा विचार करून पायांना सिमेंटचे ठोकळे भक्कम हवेत. उंच स्ट्रक्चरचा खर्च 15-20 हजारांनी वाढला, पण उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवताना, अगाशी हातची गेली नाही. बडोद्यात ज्याची अगाशी गेली त्याच्या घरी जानेवारीत कोण येणार?

मांजलपूर_दक्षिण

उत्तरायणाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या खाली बसवलेल्या पॅनेलांवर गेल्या वर्षी शेजारची मुले कटलेला पतंग काढायला चढली होती. काच फुटली नाही, पण एका पॅनेलात केसासारखी चीर पडली असावी असा संशय आहे, कारण त्या ओळीचे उत्पादन तेव्हापासून मंद आहे. देखभालीच्या करारात हे मोडत नाही असे आम्हाला सांगण्यात आले. घराच्या विमा पॉलिसीत सौर यंत्रणेचा उल्लेख करून घ्यावा, ही सूचना मी आता सगळ्यांना करतो.

हायब्रिडबद्दल साहेबांचे म्हणणे मला पटले असे पूर्णपणे म्हणता येणार नाही, पण ताईंच्या घराला स्वतंत्र सर्किटाचा मार्ग अधिक चांगला आहे हे मान्य करतो. मीही वडिलांच्या खोलीसाठी तसेच करण्याच्या विचारात आहे.

बडोदेकर_सून

सर्वांना पुन्हा नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

वीजजोडाच्या नावाचा अर्ज दिला. नाशिकच्या नणंदेने सही करून पाठवली, सुरतेच्या वन्सं स्वतः येऊन गेल्या. नवीन दरपत्रक 3 किलोवॅटचे, डीसीआर पॅनेल असे स्पष्ट लिहिलेले आणि सात फुटांच्या स्ट्रक्चरसह 1,76,000 रुपयांचे आले आहे. यजमान कर्ज न घेता मुदत ठेव मोडायला निघाले होते. ठेवीवर मिळणारे व्याज आणि कर्जाचे व्याज दोन्ही कागदावर मांडून दाखवले तेव्हा त्यांनी कर्जाचा अर्ज भरला. सबसिडी आली की ती त्यातच जमा करायचे ठरले आहे.

दुसऱ्या विक्रेत्याला नकार कळवला तेव्हा तो म्हणाला की योजना मार्चमध्ये संपेल, मग पस्तावाल. ही योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे, असे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने फोन ठेवला.

सासूबाईंच्या खोलीचे सर्किट गेल्या रविवारी वेगळे करून घेतले. बॅटरी लिथियमची, 2.5 युनिटांची घेतली आणि ती पहिल्या मजल्यावरच्या जिन्याच्या चौकात लावली. रात्री मुद्दाम मुख्य स्विच बंद करून पाहिले: कॉन्सन्ट्रेटर क्षणभर कुरकुरला आणि चालू राहिला. पाच तासांनी मीच कंटाळून स्विच लावला, तेव्हा बॅटरीत चौथाई भरणा बाकी होता. सासूबाईंनी सकाळी विचारले की रात्री लाइट गेली होती का.

पॅनेले जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बसतील. विक्रेत्याची माणसे दहा तारखेला मोकळी होती, पण भाचरांनी उत्तरायण होईपर्यंत अगाशीवर एक खिळाही ठोकू देणार नाही असे बजावले आहे.